पत मोजणारे धनंजयराव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९७९ च्या उन्हाळ्यात मी अंबरनाथमधल्या एका बँकेच्या शाखेत नुकताच चिकटलो होतो. नोकरी कारकुनाची. पण सायकल चालवता येते एवढ्या भांडवलावर साहेबांनी माझ्या हाती एक छापील तक्ता दिला आणि बदलापूरच्या आसपासची पाचसात खेडी फिरून तो भरून आणायला सांगितले. किती घरे, किती भातशेती, किती म्हशी, कर्ज कुणाकडून घेतात, असे रकाने होते. त्यातच एक रकाना होता, 'गावातील सावकारांची संख्या'. मुळगावच्या पुढे एका वाडीत ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याला मी तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. "सावकार कुनी नाय, साहेब," तो म्हणाला. मी शून्य लिहिले. पुढच्या चार गावांतही शून्यच पडले.

संध्याकाळी साहेबांनी तक्ता पाहिला आणि हसले. म्हणाले, "गाडगिळांनी हे पाहिले असते तर तुला आल्या पावली परत पाठवले असते. उद्या जा आणि सावकार म्हणू नकोस. बियाण्याला, लग्नाला, दवाखान्याला पैसे कोण देतो ते विचार." दुसऱ्या दिवशी गेलो. म्हातारा तोच, ओटीही तीच. "पैसे व्हय? शेठ देतो की. कँपातला शेठ."

मंडळी, अर्थशास्त्राचा पहिला धडा मला त्या ओटीवर मिळाला. 'सावकार' नावाचा माणूस गावात नव्हता, म्हणून सावकारी नव्हती असे नाही. आणि ज्या गाडगिळांचे नाव साहेबांनी घेतले, ते मला तोवर 'गाडगीळ फॉर्म्युला' या स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नापुरतेच ठाऊक होते. त्यांना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. माझ्या हातातला तक्ता मात्र त्यांच्याच विचाराच्या वंशातला होता. धनंजय रामचंद्र गाडगीळ या माणसाने आयुष्यभर एकच प्रश्न नाना तऱ्हांनी विचारला, असे मला आता वाटते. ज्याच्याकडे तारण ठेवायला काही नाही, त्याला पत कशी मिळणार?

हा प्रश्न आमच्या पट्ट्याला किती जवळचा होता, ते थोडे सांगतो. कल्याणच्या पलीकडे रेल्वेने निघालात की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी तीन गावे ओळीने लागतात. लोकलने अंतर मिनिटांचे. पण पतीच्या दृष्टीने ती तीन वेगळी जगे होती. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरवली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. नाव बदलले तरी आजूबाजूच्या खेड्यांच्या तोंडी आजही 'कँप'च आहे. अंबरनाथला शिलाहारांचे शिवमंदिर आहे, पण कामगारांच्या दृष्टीने ते आगपेट्यांचे गाव. विम्कोचा कारखाना तिथे १९२० च्या दशकात आला, पुढे संरक्षण खात्याचे कारखाने आले. महिन्याच्या महिन्याला पगार, म्हणून कामगारांच्या पतपेढ्या. आणि बदलापूर म्हणजे उल्हास नदीकाठची भातशेती आणि डोंगराच्या कडेला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. तिथे पावसाळ्याच्या तोंडाला खावटीसाठी घेतलेले भात कापणीनंतर दीडपटीने परत करायची रीत.

आता गाडगिळांकडे वळू. त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा. शालेय शिक्षण नागपूरला आणि पुढचे केंब्रिजला. तिथे त्यांनी जो प्रबंध लिहिला, तो भारताच्या अलीकडच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा. १९२४ साली तो ऑक्सफर्डने पुस्तकरूपात छापला. लेखकाचे वय होते तेवीस. हे पुस्तक पुढे कित्येक वर्षे विद्यापीठांतून नेमले गेले आणि त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. गंमत पाहा, ज्या काळात हा तरुण हिंदुस्थानातली जुनी कारागिरी कशी मोडली आणि कारखाने कसे आले याचा हिशेब मांडत होता, त्याच काळात आयात आगपेट्यांवर वाढवलेल्या जकातीमुळे स्वीडिश कंपनीला इथे येऊन कारखाना काढणे परवडू लागले होते. अंबरनाथची काडी त्या जकातीच्या पोटी जन्मली.

केंब्रिजहून परतल्यावर थोडी सरकारी नोकरी झाली, मग सुरतच्या महाविद्यालयात प्राचार्यपद. १९३० साली रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था काढली आणि तिची सूत्रे गाडगिळांकडे आली. १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे ते तिचे संचालक होते. एवढा काळ एका खुर्चीत बसणारी माणसे बहुधा सुस्तावतात. यांचे उलट झाले. संस्थेने सुरुवातीच्या काळात काय केले ते पाहिले की मला आजही मौज वाटते. १९३३ साली पुण्यात फळांचा बाजार कसा चालतो याची पाहणी. १९३५ साली मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी. १९४० साली वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी. केंब्रिजचा पदवीधर आडत्याच्या गाळ्यात डाळिंबाचा भाव लिहून घेतो आहे किंवा मोटार स्टँडवर सर्व्हिस गाडीच्या फेऱ्या मोजवून घेतो आहे, हे चित्र त्या काळच्या विद्वत्तेला शोभणारे नव्हते. गाडगिळांना मात्र सिद्धांतापेक्षा आडत्याची वही अधिक बोलकी वाटे.

युद्धकाळात भाव भडकले तेव्हा त्यांनी आणि एन. व्ही. सोवनी यांनी १९४३ साली पुस्तक लिहून धान्याचे नियंत्रण आणि रेशनिंग यांची बाजू मांडली. १९४७ साली सरकारने नेमलेल्या वस्तू-किंमत मंडळावर ए. डी. गोरवाला यांच्यासोबत तेही होते. सरकारला नियंत्रणे उठवायची घाई होती आणि मंडळाचे मत तसे नव्हते. मंडळ फार टिकले नाही. धोरण आखणाऱ्यांना आवडेल ते सांगण्याची हातोटी गाडगिळांना कधीच साधली नाही, हे इथूनच दिसते.

पतीच्या प्रश्नावर त्यांनी पहिला मोठा अहवाल दिला १९४५ साली. शेतीच्या अर्थपुरवठ्यासाठी नेमलेल्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. त्यात दोन गोष्टी रोखठोक आहेत. एक म्हणजे, शेतकऱ्याचे जुने कर्ज त्याच्या परतफेडीच्या ताकदीइतके कायद्याने खाली आणा. नवे कर्ज जुन्याच्या बोडक्यावर चढवून काही उपयोग नाही. दुसरी म्हणजे, प्रत्येक प्रांतात सरकारच्या भांडवलावर शेती पतपुरवठ्याचे महामंडळ काढा. सहकाराच्या कट्टर पाठिराख्यांना हे दुसरे कलम रुचले नाही आणि ते बहुतांशी कागदावर राहिले. पुढे ज्यांना सहकाराचे भाष्यकार म्हणून महाराष्ट्र ओळखू लागला, त्यांनी आरंभी सहकारावर एवढा भरवसा ठेवला नव्हता, ही बाब त्यांच्या गौरवग्रंथी भाषणांत सहसा येत नाही.

मग आली ती अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी. रिझर्व्ह बँकेने १९५१ साली नेमलेल्या मार्गदर्शक समितीचे अध्यक्ष पुन्हा गोरवाला. सोबत गाडगीळ, बी. वेंकटप्पय्या आणि संख्याशास्त्रज्ञ एन. एस. आर. शास्त्री. पंच्याहत्तर जिल्हे, सहाशे खेडी आणि १,२७,३४३ कुटुंबे एवढ्यांकडे पाहणीदार गेले. त्या वर्षी उल्हासनगरच्या बराकीत लोक कापडाच्या पडद्याने दोन कुटुंबांची हद्द आखत होते आणि देशभर सहाशे गावांत कुणीतरी ओटीवर बसून 'पैसे कोण देतो?' हे विचारत होता.

उत्तर १९५४ साली छापून आले. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जात सरकारचे ३.३ रुपये, सहकारी संस्थांचे ३.१ रुपये आणि व्यापारी बँकांचे ०.९ रुपये. तिन्ही मिळून साडेसात रुपयेसुद्धा धड नाहीत, असे म्हणायला हरकत नाही; हिशेब ७.३ चा आहे. धंदेवाईक आणि शेतकरी अशा दोन्ही सावकारांचे मिळून जवळजवळ सत्तर रुपये. बाकी नातलग, व्यापारी, जमीनदार. सहकारी कायदा १९०४ सालचा. म्हणजे अर्धशतक ज्या चळवळीची भाषणे झाली, तिचा वाटा तीन रुपये!

हा आकडा वाचून सहकार गुंडाळा म्हणणे सोपे होते. समितीने तसे केले नाही. सहकार का हरला याचे तिने दिलेले कारण मला या अहवालातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. गावातला सावकार, बाजारातला व्यापारी, मोठा जमीनदार आणि तालुक्याच्या कचेरीतला अंमलदार यांची मने एकाच बाजूला झुकलेली असतात. त्यांच्यासमोर दुबळ्यांनी दुबळ्यांशी केलेला सहकार टिकाव धरत नाही. तेव्हा सरकारने भागीदार म्हणून त्यात उतरावे, कर्ज जमिनीच्या उताऱ्यावर न देता उभ्या राहणाऱ्या पिकावर द्यावे, आणि कर्ज, साठवण, विक्री, प्रक्रिया ही साखळी एकत्र बांधावी, अशा शिफारशी झाल्या. याच अहवालातून इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १ जुलै १९५५ रोजी ती सुरू झाली आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर कायद्याने आले.

कर्ज आणि विक्री एकत्र बांधण्याची ही कल्पना गाडगिळांनी केवळ कागदावर लिहिलेली नव्हती. अहमदनगर जिल्ह्यातल्या लोणीला, प्रवरेच्या काठी, विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करत होते. खाजगी साखर कारखान्यांनी कालव्याखालच्या जमिनी खंडाने घेतलेल्या, आणि शेतकऱ्याचा ऊस गुळाच्या भावावर अवलंबून. शेतकऱ्यांनीच कारखाना काढायचा म्हटल्यावर हसणारेच जास्त होते. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले ते पुण्याच्या या प्राध्यापकाने. मुंबई राज्याचे त्या वेळचे अर्थ आणि सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा मिळाला. १९५० च्या अखेरीस चाके फिरली.

इथे गाडगिळांच्या विचाराचा कणा दिसतो. ऊस हे पीक घरात साठवता येत नाही. तोडला की चोवीस तासांत गाळायला हवा. तो एकाच वजनकाट्यावरून जातो आणि बिल एकाच कार्यालयातून निघते. म्हणजे सोसायटीने खताला दिलेले कर्ज त्या बिलातून कापून घेता येते. तारण नको, जप्ती नको, दारात वसुली नको. वजनकाटा हाच जामीन! शेतकऱ्याकडे जमीन किती आहे यापेक्षा तो काय पिकवणार आहे आणि ते कुठे विकणार आहे, याला किंमत आली. पश्चिम महाराष्ट्राची अर्धीअधिक बागायती श्रीमंती या एका साध्या युक्तीवर उभी आहे.

पण त्याच युक्तीची मर्यादा मी बदलापूरला पाहिली. आमच्याकडचे भात एका काट्यावरून जातच नाही. पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा, साताबाऱ्यावर चार चुलत भावांची नावे, आणि पिकलेले भात घरच्या कणगीत. विकायला उरतेच किती? खरिपाची एक कापणी झाली की शेतकरी वीटभट्टीवर नाहीतर अंबरनाथच्या कारखान्यात बदली कामगार. कातकऱ्याच्या नावावर तर उताराही नाही. ज्याचे पीक बाजारात येत नाही त्याला पीककर्जाची साखळी पकडत नाही. कोरडवाहू महाराष्ट्राचेही तेच झाले. सहकाराचे पाणी कालव्याबरोबर गेले. गाडगिळांना हे दिसत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण छोटा शेतकरी आणि शेतमजूर यांच्याबद्दल ते सतत लिहीत होते. पण त्यांच्या हातून उभे राहिलेले सर्वांत यशस्वी काम आधीच थोडे बरे चाललेल्या माणसाच्या उपयोगी पडले, हे खरे. त्या यशातून जे पुढारी निर्माण झाले त्यांनी पुढे सहकारी बँकांचे काय केले, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. २०११ साली रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त करावे लागले, एवढे सांगून पुढे जातो.

आता तो कँपातला शेठ. साहेबांच्या आग्रहाने मी त्याच्याही दुकानात गेलो. धान्य आणि किराणा असा व्यवसाय. मला वाटले होते, गल्ल्यावर एखादा करडा माणूस बसलेला असेल. त्याने चहा मागवला. किती जणांना पैसे देता, व्याज काय, हे त्याने अर्थातच सांगितले नाही. पण स्वतःची हकिकत मात्र सांगितली. १९४८ साली तो कराचीहून बोटीने आला तेव्हा वय अठरा आणि अंगावरचे कपडे एवढीच मालमत्ता. घर मागे राहिले, घराचे कागदही मागे राहिले. निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज द्यायला सरकारने १९४८ च्या कायद्याने पुनर्वसन वित्त प्रशासन काढले होते, पण पहिला पैसा त्याला दिला तो मशीद बंदरच्या एका शिकारपुरी सराफाने. कशावर? "मेरे पिताजी के नाम पर," तो म्हणाला. नव्वद दिवसांच्या मुदतीची हुंडी. बुडवली असती तर त्या बाजारात पुन्हा तोंड दाखवता आले नसते.

सिंधमधले शिकारपूर हे सराफांचे जुने गाव. त्यांच्या हुंड्या एके काळी मध्य आशियापर्यंत चालत. मुंबईच्या बाजारात या मंडळींना 'मुलतानी' म्हणत. उल्हासनगरची पहिली पंचवीस वर्षे ज्या वेगाने गेली, बिस्किटांपासून फर्निचरपर्यंत आणि पुढे जीन्सपर्यंत जे उद्योग तिथल्या खोल्याखोल्यांत उभे राहिले, त्यांच्यामागे बँकांपेक्षा हुंडी आणि बीसी यांचा हात मोठा होता. आपण महाराष्ट्रीय मंडळी 'मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा विनोद करून हसलो आणि ती पत कशी उभी राहिली हे विचारायचे विसरलो.

गाडगीळ विसरले नव्हते. आधुनिक भारतीय व्यापारी वर्गाचा उगम या विषयावर त्यांचे एक छोटे पुस्तक १९५९ साली निघाले. व्यापारी जाती एकमेकांना कशा सांभाळत, जातीतल्या नवशिक्याला भांडवल आणि ओळख कशी देत, पंचायतीचा धाक कसा असे, याचा शोध त्यात आहे. ही पत उत्तम असते, स्वस्त असते, कागद मागत नाही. फक्त ती आपल्या माणसालाच मिळते. शेठला शिकारपुरी सराफाने वडिलांच्या नावावर दिले. त्याच शेठने मुळगावच्या म्हाताऱ्याला दिले ते भाताच्या दीडपटीवर. हा काही त्याचा दुष्टपणा नव्हता. म्हाताऱ्याच्या वडिलांचे नाव त्या बाजारात कुणाला ठाऊक नव्हते, इतकेच. जी ओळख बाजार आपल्यातल्याला देतो, ती परक्याला देणारी संस्था कशी काढायची, हा गाडगिळांचा खरा प्रश्न होता. सोसायटी हे त्याचे एक उत्तर. दुसरे त्यांनी उतारवयात दिले.

१९६६ साली गोखले संस्था सोडल्यावर ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेवरही त्यांची नियुक्ती झाली. १९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. लागोपाठच्या दुष्काळांनी योजना थांबलेल्या, वार्षिक योजनांवर गाडा ढकलणे चाललेले आणि केंद्राची मदत मिळवण्यासाठी राज्यांचे मुख्यमंत्री दिल्लीच्या वाऱ्या करणारे. कुणाला किती द्यायचे याला निश्चित असा नियम नव्हता. ज्याचा आवाज मोठा त्याची झोळी मोठी. गाडगिळांनी राज्यांची संमती मिळवून सूत्र ठरवले. आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड यांच्या गरजा आधी बाजूला काढायच्या. उरलेल्या मदतीतले साठ टक्के लोकसंख्येप्रमाणे, दहा टक्के सरासरीहून कमी उत्पन्नाच्या राज्यांना, दहा टक्के करवसुलीच्या प्रयत्नांना, दहा टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांना आणि दहा टक्के खास अडचणींसाठी. मदतीतले तीस टक्के अनुदान, सत्तर टक्के कर्ज. चौथ्या पंचवार्षिक योजनेपासून, म्हणजे १९६९ पासून ते लागू झाले. ज्याला सूत्र मिळते त्याला दिल्लीत हात जोडावे लागत नाहीत, ही यातली गोम. अशा गोष्टी सत्ताधाऱ्यांना किती आवडतात ते मी सांगायला नको.

याच काळात राष्ट्रीय पत परिषदेने त्यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. बँका सामाजिक उद्दिष्टांच्या कामी कशा लावायच्या, असा विषय. अभ्यासगट नेमला गेला तेव्हा बँका खाजगी होत्या. काम चालू असतानाच १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. ऑक्टोबरात अहवाल आला. देशातल्या साडेपाच लाखांवर खेड्यांपैकी जेमतेम पाच हजार खेड्यांत व्यापारी बँक पोचलेली होती. गाडगिळांचे म्हणणे असे की, प्रत्येक बँकेने देशभर थोडेथोडे करण्यात अर्थ नाही. जिल्हा हा घटक धरा. एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेकडे द्या. मक्तेदारी म्हणून नव्हे, तर पुढारीपण म्हणून. त्या बँकेने आधी जिल्हा पाहावा. कुठे पीक आहे, कुठे कारागीर आहेत, कुठे शाखा नाही, कोण पैसे देतो, हे लिहून काढावे आणि मग इतर बँका, सोसायट्या यांना बरोबर घेऊन योजना करावी. एफ. के. एफ. नरिमन यांच्या समितीनेही हाच विचार उचलला आणि डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना आली. मुंबईसारखी महानगरे तिच्यातून वगळली होती. ती थेट २०१३ साली आत आली. ठाणे जिल्हा मात्र पहिल्यापासून आत होता आणि तो आला बँक ऑफ महाराष्ट्रकडे. १९३५ साली पुण्यात निघालेल्या या बँकेच्या संस्थापकांतही वामन गोविंद काळे हे अर्थशास्त्राचे प्राध्यापकच होते.

योजनेची फळे पाहायला गाडगीळ राहिले नाहीत. १९७१ च्या निवडणुकीनंतर नियोजन मंडळाची फेररचना झाली. ते दिल्लीहून पुण्याकडे परतत असताना ३ मे १९७१ रोजी प्रवासातच गेले. वय सत्तर.

तर त्या योजनेचा धागा १९७९ साली माझ्या सायकलच्या कॅरिअरवर येऊन बसला होता. त्याचे पुढे काय झाले, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिली काही वर्षे पाहण्या खरोखर झाल्या. मग उद्दिष्टे आली, उद्दिष्टांचे तक्ते आले आणि तक्ते खेड्यात न जाता भरता येतात हे आमच्यासारख्यांना कळले. मागच्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवा, झाले. मी स्वतः असे तक्ते भरले आहेत. म्हशींची कर्जे दिली, त्यांतल्या काही म्हशी फक्त कागदावर व्यायल्या. शाखेतल्या ठेवी दर वर्षी फुगत. विम्कोच्या कामगारांची शिल्लक, कँपातल्या दुकानांची चालू खाती. त्यातले इथल्या इथे किती वाटले आणि मुंबईला किती गेले, हा गाडगिळांच्या पद्धतीचा प्रश्न एकदा आढावा बैठकीत एका तरुण अधिकाऱ्याने विचारला. त्याला कुणी रागावले नाही. फक्त चहा आला आणि विषय बदलला.

तरी सगळेच वाया गेले असे मी म्हणणार नाही. आमच्या शाखेतून शेवटी जी कर्जे धड फिटली, ती कुठली होती ते मी निवृत्तीच्या आधी एकदा जुन्या खतावण्या काढून पाहिले. अंबरनाथच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लेथवाल्यांची आणि बदलापूरच्या दूधवाल्यांची. दोघांचाही माल एका ठरलेल्या दारात रोज जात होता. लोणीच्या वजनकाट्याचेच हे लहान रूप. आज भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती, आता ती त्याहून बरीच पुढे गेली आहे. बँकांची मोठी कर्जे घरांवर जातात आणि हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. वाड्यांवरचा कातकरी मात्र आजही वीटभट्टीच्या मालकाकडून पावसाळ्यापूर्वी उचल घेतो. त्या मालकाला कुणी सावकार म्हणत नाही.

मुळगावपुढच्या त्या म्हाताऱ्याला त्या साली आम्ही पाचशे रुपये दिले. साहेबांनी तारणाच्या रकान्यात लिहिले, 'दूध, डेअरीमार्फत'. वरच्या कचेरीने शंका काढली, साहेबांनी तीन पानी उत्तर पाठवले. कर्ज चौदा महिन्यांत फिटले. शेवटचा हप्ता घेऊन म्हातारा स्वतः आला, पावती घडी करून टोपीत ठेवली आणि जाताना मला विचारले, "आता तुमच्या त्या कागदावर माजं नाव कुठं लिवलंय, दावा बगू."

मी खतावणी उघडून दाखवली. त्याला वाचता येत नव्हते. त्याने बोट ठेवून नाव किती लांब आहे तेवढे पाहून घेतले.